किनाऱ्यापर्यंत चढून आलेलं पाणी

१९३३ संपत आलंय. 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजाच्या डेकवर तुम्ही रेलून उभे आहात. मोहिमेचे प्रमुख सेमूर सेवेल. अरबी समुद्राच्या पोटातून नमुने वर येतायत आणि दोन-चारशे मीटर खालच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. वरून मरून पडणारं सगळं कुजवताना जीवाणूंनी तो संपवलाय. या पाण्याला वर्षानुवर्षं हवा लागलेली नाही.

आता जून १९९९. त्याच खोल पाण्याबरोबर तुम्ही गोव्याकडे निघालाय. पाऊसकाळात किनाऱ्यालगतचा वरचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, वरचं पाणी खोल समुद्राकडे सरकतं आणि त्याची जागा घ्यायला तुम्ही समुद्रबूड जमिनीचा उतार चढू लागता. अंगाला गारवा, भोवती नायट्रेट. हे नायट्रेट उजेडात पोचलं की प्लवकं माजतात आणि त्यांच्यावर तारल्या-बांगडे पोसतात. कोकणचं ताट भरतं ते या चढणीमुळे, हे मला पुन्हापुन्हा सांगावंसं वाटतं. पण वर पावसाचं नि नद्यांचं गोडं पाणी पातळ झाकणासारखं बसलंय. हवा खाली शिरत नाही.

सप्टेंबर. कांदोळीसमोर, डोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांसोबत तुम्ही होडीत आहात. ऊन पडलंय, समुद्र निवळलाय. तळाचं पाणी काचेच्या बाटलीत, बुडबुडा न येऊ देता, हळूच भरून घेतात. त्यात मँगनीजचं द्रावण टाकतात, मग अल्कलीयुक्त आयोडाइड, आणि बूच लावून बाटली हलवतात. प्राणवायू असता तर साका तपकिरी झाला असता. तुमच्या डोळ्यांदेखत तो पांढराफेक खाली बसतो. दुसऱ्या नमुन्याला सडक्या अंड्यांचा वास येतो: हायड्रोजन सल्फाइड. ज्या मासळीला पळता येतं, ती पळते. चिखलातल्या शिंपल्यांनी कुठे जावं?

एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मोजमापं २००० साली 'नेचर'मध्ये मांडली. प्राणवायू नैसर्गिकरीत्याच घटतो, पण जमिनीवरून येणाऱ्या खतांतल्या नायट्रोजनने तो आणखी घटत असावा, असं त्यांचं म्हणणं. या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायूही भरपूर सुटताना त्यांना आढळला. शेतात टाकलेल्या युरियाचा हिशेब बांधावर संपत नाही, तो इथवर येतो. आपण तो इथवर मांडत नाही, याची मला खरोखर काळजी वाटते.

डिसेंबरात प्रवाहाने तोंड फिरवलंय. आता तो उत्तरेकडे वाहतोय आणि कन्याकुमारीला वळसा घालून आलेलं, बंगालच्या उपसागराचं कमी खारं पाणी सोबत आणतोय. वरचं पाणी किनाऱ्याशी दाटून खाली दबतं, गार पाणी उतारावरून मागे हटतं आणि कांदोळीच्या तळाला पुन्हा प्राणवायू मिळतो. पुढच्या पावसाळ्यात प्रवाह परत दक्षिणेकडे वळेपर्यंत.