खेकड्याचे डोळे

युरोपातल्या जुन्या औषधविक्यांकडे 'खेकड्याचे डोळे' नावाचे एक औषध मिळे. नाव डोळ्यांचे, पण ते डोळे नव्हेत! क्रेफिश हा गोड्या पाण्यातला, छोट्या लॉब्स्टरसारखा प्राणी. वाढायचे तर त्याला जुने कवच टाकावे लागते. त्याआधी तो कवचातले थोडे कॅल्शियम काढून घेतो आणि जठरात दोन पांढऱ्या गुंड्यांच्या रूपात साठवतो. या गुंड्या कुटून लोक पोटातल्या आम्लावर घेत.

ही शिल्लक तशी तुटपुंजीच. नवे कवच मऊ असते आणि ते कडक व्हायला लागणारे बरेचसे कॅल्शियम पाण्यातूनच घ्यावे लागते. पाण्यातच ते नसेल तर?

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात हा प्रश्न उभा राहिला. मस्कोका भागातली तळी ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकावरची, चुन्याने मुळातच गरीब. विसाव्या शतकात कारखान्यांच्या धुरातले गंधक आम्ल होऊन पावसाबरोबर उतरले. त्याने मातीतले कॅल्शियम धुऊन तळ्यांत आणले. लाकूडतोडीबरोबरही ते जंगलाबाहेर गेले. म्हणजे पाऊस वाईट होता तोवर तळ्यांना कॅल्शियम मिळत होते, पण वाडवडिलांची ठेव मोडून!

वायव्य ऑन्टारिओत शास्त्रज्ञांनी १९७६ पासून २२३ क्रमांकाचे तळे मुद्दाम हळूहळू आम्ल केले. तिथल्या क्रेफिशची कवचे नीट कडक होईनात आणि अखेरीस ते नाहीसे झाले.

१९९१ मध्ये कॅनडा-अमेरिका करार झाला, गंधकाचा धूर घटला, पाऊस सुधारला. इतिहासाच्या पुस्तकातला धडा बहुधा अशा करारापाशी संपतो. मला पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मातीतली ठेव संपत आली होती, त्यामुळे तळ्यांतले कॅल्शियम आता घटू लागले. २००८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात याचा इशारा प्रसिद्ध झाला. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या खाली डॅफ्नियासारख्या सूक्ष्म जिवांनाही तगणे अवघड जाते. क्रेफिशला तर त्याहून मोठे कवच घडवायचे! ऑन्टारिओच्या तळ्यांत त्यांची संख्या घटल्याचेही पाहण्यांत आढळले. त्यामागे कॅल्शियमची टंचाई हे एक कारण असावे, असे अभ्यासकांना वाटते.

धूर करार करून आवरता आला. मातीत कॅल्शियम परत यायचे तर खडक झिजावा लागतो आणि तो कुणाच्या सहीने झिजत नाही. म्हणून अलीकडे मस्कोकात घरोघरच्या शेगड्यांतली लाकडाची राख गोळा करून मेपलच्या जंगलात पसरून पाहिली जात आहे. झाडांनी नेलेले कॅल्शियम त्या राखेत शिल्लक असते.