पडद्यापुढची पंधरा मिनिटे

अमेरिकेतल्या व्हॉडव्हिलकडे वळणारा वाचक बहुधा काही नावे सोबत घेऊनच येतो. मार्क्स बंधू, सोफी टकर, जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी ॲलन. त्यांचे चित्रपट त्याने पाहिलेले असतात, आठवणींची पुस्तकेही चाळलेली असतात. त्याचे स्वागतच आहे. पण ही नावे त्याने थोडा वेळ बाजूला ठेवावीत. या अभ्यासाची खरी वाट चरित्रांतून नव्हे, कार्यक्रमपत्रिकेतून जाते. कोण कितव्या क्रमांकावर आले, किती मिनिटे मिळाली, पाठीमागचा पडदा पडलेला होता की रंगमंच पूर्ण उघडा होता, हे आधी पाहावे. गाणे आणि विनोद यांची तिथे एवढी घट्ट गाठ का पडली, ते मग उलगडू लागते.

तमाशात गण, गवळण, बतावणी, वग असा क्रम ठरलेला असतो. व्हॉडव्हिललाही क्रम होता, पण तो व्यवस्थापकाने गल्ल्याकडे बघून लावलेला. सुरुवातीला कसरतपटू किंवा शिकवलेली जनावरे, कारण लोक अजून खुर्च्या शोधत असत आणि बोललेले कुणाला ऐकू गेले नसते. दुसऱ्या क्रमांकावर पुष्कळदा गाणारी जोडी. मानाची जागा शेवटून दुसरी. अगदी शेवटी येणाऱ्याला उठून चाललेल्या पाठी बघाव्या लागत. मोठ्या नेपथ्याचा प्रवेश संपला की सामान हलवायला वेळ लागे. तेवढ्यात पुढचा पडदा पाडून रंगमंचाच्या अरुंद पट्टीवर दोघे जण उभे राहत, बोलत, भांडत आणि गात. दोन माणसे आणि खाली वाद्यवृंद, एवढ्यावर भागे. गाण्या-विनोदाची जोडी फोफावली त्यामागे ही साधी अडचण आहे, आणि बऱ्याच पुस्तकांत तिला तळटीपेपलीकडे जागा मिळत नाही.

दुसरे कारण सभ्यतेच्या बाजाराचे. आधीचे ‘व्हरायटी’चे खेळ दारूच्या अड्ड्यांतले, पुरुषांसाठीचे. टोनी पास्टर हा स्वतः विनोदी गाणी म्हणणारा. त्याने १८८१ मध्ये न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावरच्या थिएटरात बायकामुलांना आणता येईल असा खेळ मांडला. पुढे बोस्टनच्या बी. एफ. कीथने १८८५ मध्ये दिवसभर अखंड चालणारे खेळ सुरू केले आणि एडवर्ड ॲल्बीच्या साथीने थिएटरांची साखळीच उभारली. या साखळीचे व्यवस्थापक सोमवारचा खेळ पाहून प्रत्येक प्रयोगावर शेरे लिहीत: मिनिटे किती, टाळ्या कुठे पडल्या, कोणते वाक्य कापायला लावले. हे अहवाल आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. शेरे रुक्ष आहेत, क्वचित दुष्टही आहेत, पण नटांच्या आत्मचरित्रांपेक्षा विश्वासाचे. मार्क्स बंधू आधी गाणारे होते हे खरे. ते विनोदाकडे कसे वळले याच्या हकिकती मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतात.

त्यांचा मामा अल शीन आणि एड गॅलाघर यांचे गाणे १९२२ मध्ये झिगफेल्डच्या ‘फॉलीज’मध्ये गाजले. एकाच्या डोक्यावर गवती हॅट, दुसऱ्याच्या डोक्यावर फेझ टोपी. दोघे एकमेकांना आडनावाने हाक मारत सवालजवाब करतात आणि प्रत्येक कडव्यात ताजा विनोद भरता येतो. चाल तीच राहते, मजकूर हवा तेव्हा बदलतो. श्रोत्याला हशा कुठे येणार हे चालीवरून आधीच कळते, तरी तो हसतो. शिवाय नुसता बोलका विनोद फसला तर नट उघडा पडतो. गाण्यात फसला तर वाद्यवृंद त्याला पुढच्या कडव्यावर नेऊन सोडतो.

बर्न्स आणि ॲलन यांचे तंत्र वेगळे. सुरुवातीला विनोदी वाक्ये बर्न्सकडे होती, ग्रेसी साधे प्रश्न विचारी. लोक तिच्या प्रश्नांनाच हसू लागले, तसे त्याने सगळे विनोद तिला देऊन टाकले. १९२९ च्या ‘लॅम्बचॉप्स’ या बोलक्या लघुपटात गप्पा, गाणे आणि थोडे नाचणे असा त्यांच्या प्रयोगाचा नमुना जवळजवळ जसाच्या तसा पाहायला मिळतो.

एका गोष्टीची सूचना आधीच देतो, कारण नवा वाचक इथे अडखळतो. या विनोदातला मोठा भाग जर्मन, आयरिश, ज्यू स्थलांतरितांच्या आणि त्याहून क्रूरपणे कृष्णवर्णीयांच्या सोंगांवर उभा होता. जर्मन उच्चारांची टवाळी करून नाव कमावणारे वेबर आणि फील्ड्स स्वतः ज्यू स्थलांतरितांची मुले. सोफी टकरला उमेदवारीत तोंडाला काळे फासून गायला लावले. बहामात जन्मलेला बर्ट विल्यम्स कृष्णवर्णीय असूनही तेच काळे फासून रंगमंचावर येई. ‘हे त्या काळाचे होते’ म्हणून हात झटकणे मला पटत नाही, आणि सगळेच फेकून देणे तर अभ्यासकाला परवडणारेच नाही. ‘नोबडी’ या गाण्यात विल्यम्स अर्धे बोलतो, अर्धे गातो, आणि शब्दाआधी इतका थांबतो की हसणाऱ्याचे हसू मध्येच अवघडते. त्या सोंगाखाली कोण उभे आहे, हे त्या थांबण्यात ऐकू येते.

१९३२ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरनेही निव्वळ व्हॉडव्हिलचे खेळ थांबवले. रेडिओ आणि बोलपट यांनी माणसे नेली, प्रेक्षकही नेले. त्या पडझडीवर भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून इथे त्यावर जास्त शाई खर्च केलेली नाही.

‘नोबडी’चे विल्यम्सने केलेले १९०६ चे आणि १९१३ चे अशी दोन ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. वाचकाने ती दोन्ही लागोपाठ ऐकावीत, तो कुठे किती थांबतो ते कागदावर टिपून ठेवावे आणि मगच पहिल्या प्रकरणाकडे वळावे.