पिंपरी कॅम्प : कारखान्यांच्या आधीची वस्ती

मावळ-खेडकडे लग्न ठरलं की बस्ता बांधायला अनेक घरं आजही ‘कॅम्पात’ जातात. शगुन चौक, साई चौक या भागात साड्या, चपला, विजेच्या वस्तू यांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. हा कॅम्प लष्कराचा नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ही छावणी.

६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि तोवर थांबलेल्या हिंदूंनीही बंदराची वाट धरली. बोटी मुंबईला लागल्या. पुढे कल्याण, देवळाली, पिंपरी अशा छावण्यांत माणसं विखुरली. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात तर महायुद्धाच्या काळात पोलंडचे निर्वासित राहत होते. ते गेल्यावर तिथे सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगरची बाजारपेठ उभी राहिली.

गंमत अशी, की हे सगळे सिंधी एके काळी आपल्याच इलाख्यातले. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. कराचीतलं एक जुनं हायस्कूल आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने चालतं आणि तिथली मोजकी मराठी कुटुंबं दरवर्षी गणपती बसवतात. सरहद्द आखली गेली आणि कराचीतला मराठी माणूस जागचा न हलता परदेशी झाला. पिंपरीतल्या सिंध्याचं तर घरच परदेशात गेलं.

पंजाब, बंगालच्या निर्वासितांना निदान अर्धा प्रांत उरला. सिंध्यांना तेवढाही नाही. शेतजमीन नाही, गणगोत नाही. मग दुकानदारीवरच पाय रोवले.

घरात सिंध टिकला तो ताटात आणि सणात. न्याहारीला दाल-पकवान : मैद्याची कडक पुरी, सोबत चणाडाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. चेटीचंडला झुलेलालची मिरवणूक. १९६७ मध्ये सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पण आजोबांची अरबी वळणाची लिपी बहुतेक नातवंडांना वाचता येत नाही.

पिंपरीच्या औद्योगिक इतिहासाची सुरुवात १९५४ च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सांगितली जाते. छावणी त्याआधीची. तेव्हा आईचं बोट धरून आलेली मुलं आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्यांच्या आठवणी नोंदवून ठेवायच्या असतील, तर शहराने हे काम आता लांबवू नये.