सुवर्णनियंत्रण : एका महिन्याचे युद्ध, सत्तावीस वर्षांचा निर्बंध

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाकडून झाली. मी इतिहासाचा पंडित नव्हे. शाळेत मुलांकडून सनावळ्या घोकून घेण्यात आयुष्य गेलेला एक निवृत्त शिक्षक आहे. परंतु त्या सनावळ्यांत आपल्या सुवर्णकार ज्ञातीच्या चुलीशी ज्यांचा थेट संबंध आला, त्या सनांचा उल्लेख कधी आढळला नाही. ती उणीव थोडीफार भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

राजसत्तेचे अधिकार कोठवर असावेत, हा वाद जुना आहे. इंग्लंडात मिल्लने 1859 साली ‘ऑन लिबर्टी’ हा ग्रंथ लिहिला, तर स्पेन्सरने 1884 साली ‘द मॅन व्हर्सस द स्टेट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. या दोघांच्या विचारांचा आपल्या आगरकरांवर खोल संस्कार झाला होता, हे वाचकांस विदित आहेच. स्वातंत्र्योत्तर काळात हाच धागा राजाजींनी हाती घेतला. 1959 साली त्यांनी स्वतंत्र पक्ष स्थापन केला आणि सरकारी परवान्यांच्या कारभाराला ‘लायसन्स-परमिट राज’ असे मार्मिक नाव दिले. या विचारपंथाचा एक मुख्य सिद्धांत असा की, युद्धकाळी सरकारच्या हाती गेलेली सत्ता शांतता झाली म्हणून आपोआप परत येत नाही. हा सिद्धांत कितपत खरा, याची परीक्षा पाहण्यास आपल्याच धंद्याची कसोटी पुरेशी आहे.

20 ऑक्टोबर 1962 रोजी चीनने आपल्या सरहद्दीवर आक्रमण केले. 26 ऑक्टोबरला आणीबाणी पुकारली गेली व भारत संरक्षणाचा वटहुकूम निघाला. त्या दिवसांत देशातील स्त्रियांनी अंगावरील बांगड्या, पाटल्या उतरवून संरक्षण निधीस दिल्या. कोणी सक्ती केली नव्हती; मनाने दिले होते. 21 नोव्हेंबर रोजी चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. युद्ध जेमतेम एक महिना चालले.

युद्ध थांबून दोन महिने लोटले नव्हते, तोच जानेवारी 1963 मध्ये भारत संरक्षण नियमांत सुवर्णनियंत्रणाचे प्रकरण घालण्यात आले. मोरारजीभाई देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. दागिन्यांव्यतिरिक्त असलेले सोने जाहीर करण्याचे बंधन आले आणि नवा दागिना 14 कॅरटहून अधिक शुद्धतेचा घडविण्यास मनाई झाली.

सरकारची बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. परकीय चलनाची तीव्र टंचाई होती. जगाच्या बाजारात सोने 35 डॉलरला एक औंस, म्हणजे दहा ग्रॅमला सुमारे साडेत्रेपन्न रुपये पडे. आपल्याकडे त्याचा भाव जवळजवळ दुप्पट होता. या तफावतीमुळे गलबतांतून चोरटे सोने किनाऱ्यावर उतरे आणि देशाचे चलन बाहेर जाई. लोकांची सोन्याची हौस कमी झाली तर ही गळती थांबेल, असा मोरारजीभाईंचा विश्वास होता. हेतू वाईट नव्हता. पण लोकांची हौस कमी करणे हे सरकारचे काम काय, असा प्रश्न राजाजींच्या पंथाने विचारला असता आणि तो वावगा ठरला नसता.

बावीस कॅरट म्हणजे शंभरात सुमारे 92 भाग सोने. चौदा कॅरट म्हणजे अवघे 58. ज्या कारागिराचा हात पिढ्यान् पिढ्या बावीस कॅरटवर बसलेला, त्याला हा धातू परका होता. ठोकताना तो लवकर ताठरे व तडके. त्याचा डाक वेगळा, रंग वेगळा. आणि कारागिराने जुळवून घेतले, तरी गिऱ्हाईक कोठून यावे? लेकीच्या मंगळसूत्राच्या वाट्या हिणकस सोन्याच्या कोण करणार? सराफाकडे भांडवल तरी होते. हातावर पोट असलेल्या कारागिराजवळ ऐरण, हातोडी आणि फुंकणी यांखेरीज काय होते? मी त्या वेळी पाचसहा वर्षांचा होतो. वडिलांची बागेसरी दिवसचे दिवस थंड असे, आणि आई आम्हांस तिच्याजवळ खेळू देई, एवढे मला स्पष्ट आठवते. एरवी तेथे पाऊल टाकण्याची आम्हांस मनाई होती. त्याचा अर्थ मला फार पुढे कळला. देशाच्या अनेक भागांतून सुवर्णकारांच्या आत्महत्यांच्या वार्ता येत होत्या आणि संसदेतही त्यावर वादंग झाले.

मग न्यायालयात दाद का मागितली नाही, असे तरुण विचारतील. घटनेच्या 19 व्या कलमाने प्रत्येक नागरिकास आपला धंदा करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. परंतु आणीबाणी चालू असेतो 358 व्या कलमान्वये त्या स्वातंत्र्याचा आधार घेता येत नव्हता. युद्ध थांबले, तरी आणीबाणी 10 जानेवारी 1968 पर्यंत राहिली. म्हणजे हातोडी बंद, आणि तक्रारीचे दारही बंद.

पुढे नियम सैल झाले, पण सुटले नाहीत. 1963 सालीच टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाल्यावर गिऱ्हाइकाचे जुने दागिने मोडून अधिक शुद्धतेचे घडविण्यास स्वतंत्र कारागिरास मुभा मिळाली. 1966 साली 14 कॅरटचे बंधन उठले. आता तरी सारे संपले, असे वाटत असता, आणीबाणी उठल्यावर काही महिन्यांतच 1968 चा सुवर्णनियंत्रण कायदा आला! युद्धकाळाचा नियम शांततेचा कायदा झाला. 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मूळ हेतू ग्राह्य धरला, तरी परवाने देताना अधिकाऱ्यांस दिलेले मोघम अधिकार व अन्य काही कलमे घटनाबाह्य ठरविली. चोरटी आयात मात्र या सर्व काळात चालूच होती. अखेर 1990 साली हा कायदा रद्द झाला. तो रद्द करणारे अर्थमंत्री मधु दंडवते हे समाजवादी, कोकणातून निवडून आलेले! बाजारपेठेच्या पंथाचा कोणी नव्हे, तर समाजवादी नेत्याने ही बेडी तोडली, हे विसरता कामा नये.

असे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. अमेरिकेत 1917 साली, पहिल्या महायुद्धात, शत्रूशी व्यापार रोखण्याचा एक कायदा झाला होता. युद्ध संपून चौदा वर्षे लोटल्यावर, 1933 च्या मंदीत, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तोच कायदा दुरुस्त करवून घेतला आणि त्याच्या आधारे नागरिकांस सोन्याची नाणी व लगडी सरकारजमा करण्याचा हुकूम काढला. लोकांस औंसास 20.67 डॉलर मिळाले. पुढच्याच वर्षी सरकारने भाव 35 डॉलर ठरविला. सामान्य नागरिकास सोने बाळगण्याची मोकळीक पुन्हा मिळाली ती 1974 च्या अखेरीस.

यावरून सरकार नकोच, असा निष्कर्ष मी काढीत नाही. 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झालेले हॉलमार्क हेही सरकारचेच बंधन आहे. पण ते सोन्याचा कस खरा सांगा म्हणते. अमुक कसाचे घालू नका असे म्हणत नाही. आज 14 कॅरटचा दागिना तरुण मुली आपल्या पसंतीने घेतात. हुकमाने जे झाले नाही, ते आवडीने झाले.

ज्ञातीतील तरुणांस वडीलकीच्या नात्याने एवढेच सांगणे आहे : देशावर संकट आले तर 1962 सालच्या मायबहिणींप्रमाणे हातचे राखून न ठेवता द्यावे. परंतु संकटाच्या नावाने जो निर्बंध येईल, त्याची मुदत कोणती, हे पहिल्याच दिवशी नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. आपल्या वडीलधाऱ्यांनी ते विचारले नव्हते.