तुरुंगात लिहिलेला इतिहास

गेल्या महिन्यात रजा काढून इंदूरला जाऊन आलो. विजय नगरात माझे मामा राहतात. गोवा मुक्त झाल्यावर कापड गिरणीतल्या नोकरीसाठी गेले आणि तिकडचेच झाले. आता नव्वदी गाठली आहे. १९५५ च्या सत्याग्रहात त्यांनी पोर्तुगिजांच्या तुरुंगात काही महिने काढले होते.

सकाळचे पोहे-जिलेबी आटोपल्यावर मामांनी कपाटातून एक जीर्ण पुस्तक काढले. पंडित नेहरूंचे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'. "हे पान वाच," म्हणाले. पान अहिल्याबाई होळकरांवरचे होते. त्यांच्या तीस वर्षांच्या कारभाराची नेहरूंनी मनापासून स्तुती केली आहे.

गंमत पाहा. हे पुस्तक लिहिले गेले अहमदनगरच्या किल्ल्यात, म्हणजे अहिल्याबाईंचे जन्मगाव चोंडी ज्या जिल्ह्यात आहे तिथेच. २०२४ पासून तर त्या जिल्ह्याचे नावच अहिल्यानगर झाले आहे.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड झाली. त्यांतल्या प्रमुखांना नगरच्या किल्ल्यात ठेवले. नेहरूंचा हा नववा आणि सर्वांत दीर्घ कारावास. ते तिथे फुलझाडांसाठी वाफे खणत. जमीन दगडगोट्यांची. खणता खणता जुन्या भिंतींचे अवशेष लागले आणि त्यांना चांदबिबी आठवली, अकबराच्या फौजेशी हा किल्ला लढवणारी. पुढे एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत त्यांनी पुस्तक लिहून काढले. ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले.

पण ते एकटेच लिहीत नव्हते. मौलाना आझाद याच किल्ल्यात 'गुबार-ए-खातिर' मधली पत्रे लिहीत होते. ती धाडायची सोय नव्हती तरी लिहीत होते. त्यांच्या पत्नीचे निधन १९४३ साली ते इथे असतानाच झाले. हरेकृष्ण महताबांनी इथे ओडिशाचा इतिहास लिहिला. आचार्य नरेंद्र देव बौद्ध तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात बुडाले होते. शंका आली तर विचारायला शेजारच्याच खोलीत जायचे! प्रस्तावनेत नेहरूंनी या सोबत्यांचे ऋण मानले आहे आणि पुस्तकही त्यांनाच अर्पण केले आहे.

मराठी माणसाला हे नवे नाही. टिळकांनी मंडालेत शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिले, साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई'. बाहेर सभा, दौरे, माणसांची वर्दळ. आत गेल्यावरच आपण कोण, कुठून आलो हे विचारायला सवड मिळते. आणि ज्याचा देश दुसऱ्याच्या ताब्यात आहे, त्याला हा प्रश्न जास्तच टोचतो.

आपल्या गोव्यात टी. बी. कुन्हांनी हाच प्रश्न विचारला होता. गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावरची त्यांची पुस्तिका १९४४ सालची, म्हणजे नेहरू किल्ल्यात लिहीत होते त्याच वर्षीची. १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने कुन्हांना आठ वर्षांची शिक्षा दिली आणि आग्वादहून त्यांची रवानगी पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात झाली.

मी मामांना विचारले, "तुम्ही का नाही काही लिहिले?"

मामा हसले. "नेहरूंच्या शेजारी मौलाना होते. माझ्या शेजारी एक पदेर आणि एक रेंदेर. पण त्या पदेराला अख्ख्या गावाचा इतिहास तोंडपाठ, बरे का! कुठल्या घराने कधी देव घेऊन गाव सोडला, कुठली शेते कोणाच्या घशात गेली... रात्ररात्र सांगायचा. मला वाटायचे, हे काय लिहायचे? इतिहास म्हणजे राजे आणि लढाया. आता त्यातले अर्धेही आठवत नाही."

मला काही बोलवेना. आम्ही कारकून माणसे, आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी ठेवतो. घरातली नोंद मात्र राहून गेली.

दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली. परतीच्या गाडीपर्यंत सतरा पाने झाली. बाकीचे मामा दर रविवारी फोनवर सांगतात. तुमच्या घरात असे कोणी असेल तर या रविवारीच वही घेऊन बसा.