दलाल कुणाचा?

'दलाल' हा शब्द आपण बहुधा नाक मुरडूनच उच्चारतो. वास्तविक त्याच्या मूळ अरबी धातूचा अर्थ आहे वाट दाखवणे. 'दलील' म्हणजे पुरावा, तोही याच कुळातला. शब्दांच्या संगतीत राहणाऱ्या माझ्यासारख्याला म्हणून प्रश्न पडतो, हा वाटाड्या कुणाचा? ज्याला वाट दाखवतो त्याचा, की ज्याच्या दारात नेऊन सोडतो त्याचा?

अमेरिकेतल्या घरबाजाराला हा प्रश्न फार महागात पडला. तिथे दलालांची राष्ट्रीय संघटना १९०८ साली स्थापन झाली. गावोगावच्या दलालांनी विकाऊ घरांच्या सामाईक याद्या केल्या. रीत अशी पडली की, घर विकणारा आपल्या दलालाला किमतीच्या साधारण पाच-सहा टक्के देई आणि त्यातला वाटा गिऱ्हाईक आणणाऱ्या दलालाला मिळे. घेणाऱ्याला वाटे, आपल्याला हा माणूस फुकटात मिळाला. पण घराची किंमत तोच मोजत होता; दलाली त्यातूनच जाई.

खरी मेख पुढेच होती. आठवडेच्या आठवडे घरे दाखवत हिंडणारा हा भला माणूस कायद्याने बहुधा विकणाऱ्याचा उपदलाल असे. 'अजून थोडे वाढवीन' असे त्याच्या कानात सांगावे, तर ते विकणाऱ्याला कळवणे हेच त्याचे कर्तव्य! बहुतेक खरेदीदार त्याला आपलाच समजतात, हे १९८३ च्या एका सरकारी अहवालाने दाखवले. १९९० च्या दशकात 'घेणाऱ्याचा दलाल' ही वेगळी भूमिका रुळली. पैसे मात्र समोरूनच येत राहिले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसुरी राज्यातल्या ज्युरीने ही रीत संगनमताची ठरवली. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. १७ ऑगस्ट २०२४ पासून घेणाऱ्याच्या दलालाचा वाटा यादीत छापणे बंद झाले आणि घर दाखवण्याआधीच त्याचा मेहनताना लेखी ठरवणे आले. विकणारा तो आजही देऊ शकतो; पण उघड बोलून.

आपल्याकडे २०१६ च्या रेरा कायद्याने दलालांची नोंदणी आली. तरी नव्या इमारतीत दलाली बहुधा बिल्डरच देतो. तेव्हा घर बघायला निघताना वाटाड्याला आधी एवढेच विचारावे, 'बाबा रे, तुझे पैसे कोण देणार?' उत्तरातून तो कुणाचा, हे कळायला सुरुवात होते.