दीर्घ गैरहजेरी आणि ग्रीन कार्ड

मुले अमेरिकेत स्थायिक झाली, तिथले नागरिकत्व घेतले, आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळवून दिले. आईवडील मात्र वर्षातला बराच काळ पुण्यात, नाशकात किंवा डोंबिवलीतच राहतात. अशी कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत. या घरांत एक नियम पाठ झालेला असतो. सहा महिने व्हायच्या आत अमेरिकेला एकदा पाय लावून यायचे, की कार्डाला धक्का लागत नाही. नातेवाईक तो एकमेकांना सांगतात, तिकीट काढून देणारे एजंटही सांगतात. अमेरिकेच्या कायद्यात मात्र असा नियम कुठेही नाही.

हा समज का रुजला ते कळण्यासारखे आहे. आपल्या आयकर कायद्यात १८२ दिवसांचा हिशेब असतो, त्यामुळे परदेशाशी संबंध असलेल्या माणसाला दिवस मोजायची सवय लागलेली असते. तीच सवय तो ग्रीन कार्डालाही लावतो. कायम रहिवाशाचा दर्जा टिकला की गेला, हे ठरवताना अमेरिकी कायदा वेगळा प्रश्न विचारतो. परदेशातला मुक्काम तात्पुरता होता का? बाहेर काढलेले दिवस हा या प्रश्नाच्या उत्तरातला एक पुरावा आहे. त्यावरून शंका येते, ती वाढते किंवा कमी होते. पण निकाल केवळ त्यावर लागत नाही.

सहा महिन्यांचा आकडा आला कुठून? १९९६ साली अमेरिकी इमिग्रेशन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्यानुसार परत येणाऱ्या कायम रहिवाशाला सीमेवर नवागतासारखे वागवायचे नाही, त्याला अपवाद मात्र आहेत. सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहणे हा त्यांतला एक. पण त्या यादीतला पहिलाच अपवाद वेगळा आहे. ज्याने आपला दर्जा सोडून दिला आहे, त्याला हे संरक्षण नाही. आणि या अपवादाला दिवसांची कोणतीही अट नाही. म्हणजे चार महिन्यांनी परतलेल्यालाही हा प्रश्न विचारता येतो. एक वर्षाची मर्यादा आणखी निराळी आहे. वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ बाहेर राहिल्यावर ते कार्ड अमेरिकेत प्रवेश करण्याचे कागदपत्र म्हणून चालत नाही. तरी दर्जा आपोआप संपत नाही. कागदपत्र आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक गोंधळ त्या एकच मानल्यामुळे होतो. कार्डावरची दहा वर्षांची मुदत संपली म्हणून दर्जा जात नाही, तसाच मुदत शिल्लक आहे म्हणून तो राहतोही असे नाही.

तात्पुरता मुक्काम कशाला म्हणायचे, हे न्यायनिर्णयांतून घडत गेले. १९७५ सालचे केन प्रकरण यात पायाभूत आहे. जमैकातली एक स्त्री कायम रहिवासी होती. तिकडे ती भाड्याने खोल्या देण्याचा व्यवसाय चालवत असे आणि वर्षातले बहुतेक महिने तिथेच राही. अमेरिकेत दरवर्षी थोड्या दिवसांसाठी येई. तिचा मुक्काम तात्पुरता नाही, असे इमिग्रेशन अपील मंडळाने ठरवले. दरवर्षीची खेप तिच्या कामी आली नाही, कारण तिचे घर आणि उपजीविका दोन्ही जमैकात होती. या निर्णयात जे मुद्दे पाहिले गेले, तेच आजही पाहिले जातात. माणूस बाहेर कशासाठी गेला, मुक्काम कधी संपेल याला काही ठरलेली मर्यादा होती का, आणि त्याचे घर व काम प्रत्यक्षात कुठे आहे. १९८६ साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने मधल्या मुद्द्याला जास्त नेमकेपणा दिला. मुक्काम मुळात थोड्या काळाचा हवा. किंवा तो एखादी घटना घडल्यावर संपणार असेल, तर ती घटना थोड्याच काळात घडण्याची वाजवी शक्यता हवी. १९८८ च्या हुआंग प्रकरणात पतीच्या जपानमधल्या शिक्षण-नोकरीमुळे कुटुंब वर्षानुवर्षे तिकडे राहिले होते. दर्जा टिकवायची इच्छा असणे आणि परतण्याचा हेतू कृतीतून दिसणे यांतला फरक त्या निर्णयाने स्पष्ट केला. आईवडिलांनी दर्जा सोडला असेल तर अल्पवयीन मुलांचाही तो सुटतो, हेही त्यातच पक्के झाले.

हे निकष आपल्याकडच्या परिस्थितीला लावून पाहू. समजा, कोथरूडमधले एक निवृत्त जोडपे आहे. मुलगा न्यू जर्सीत. दोघांचे ग्रीन कार्ड झाले, तीन महिने तिकडे राहून ती परतली. पुण्यातला फ्लॅट तसाच आहे, पेन्शन इथल्या बँकेत जमा होते, डॉक्टर इथले, औषधे इथली. मग काकांची गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरते. अमेरिकेत त्या वयात नव्याने आरोग्यविमा घेणे फार महाग पडते आणि ६५ वर्षांवरच्या कायम रहिवाशाला मेडिकेअर विकत घेण्याआधी तिथे सलग पाच वर्षे राहिलेले असावे लागते. त्यामुळे शस्त्रक्रिया पुण्यातच करणे शहाणपणाचे. आता, एका शस्त्रक्रियेसाठी आणि त्यानंतरच्या फिजिओथेरपीसाठी आठ महिने लागले, तर तो तात्पुरता मुक्काम म्हणून सहज समर्थनीय आहे. कारण ठरलेले आहे, शेवटही ठरलेला आहे. पण शस्त्रक्रियेनंतर भाचीचे लग्न, मग सोसायटीच्या पुनर्विकासाची कागदपत्रे, मग पावसाळा संपेपर्यंत, असे एकामागून एक कारण निघत गेले, तर प्रत्येक कारण खरे असूनही एकूण चित्र केन प्रकरणाच्या जवळ जाते. आपल्या लोकांचे दर्जे जातात ते बहुधा असे. कुणी काही लपवत नाही. पण परतण्याची तारीख पुढे पुढे सरकत राहते.

त्यात भर पडते विमानतळावरच्या उत्तरांची. नेवार्कच्या काउंटरवर अधिकारी विचारतो, इतके दिवस कुठे होतात, इकडे कशासाठी आलात, किती दिवस राहणार. साधी, खरे बोलणारी आजी सांगते की मुलाकडे आले आहे, चार महिने राहीन, मग घरी जाईन. त्या उत्तरात खोटे काहीच नाही. पण तिने घर कुठे आहे ते सांगून टाकलेले असते, आणि परतीचे तिकीट पुण्याचे असेल तर ते उत्तराला दुजोरा देते. तिला उत्तर पढवून पाठवावे असे मी म्हणत नाही. खोटे बोलणे हा स्वतंत्र आणि जास्त गंभीर दोष ठरतो. घर खरोखर अमेरिकेत असेल तर तसे दाखवणारी वस्तुस्थिती आधी उभी करावी लागते, आणि आईवडिलांच्या बाबतीत तेच अवघड असते. मुलाच्या घरात एक खोली त्यांची असते. भाडेकरार नसतो, विजेचे बिल त्यांच्या नावावर नसते. मग राज्याचे ओळखपत्र, तिथल्या बँकेतले चालू व्यवहारांचे खाते, तिथले डॉक्टर, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दरवर्षी भरलेले अमेरिकी विवरणपत्र, यांवरच भिस्त राहते.

कराचा भाग थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण तिथे लोक नकळत स्वतःच्या विरुद्ध पुरावा तयार करतात. ग्रीन कार्डधारक वर्षभर भारतात असला तरी सर्वसाधारणपणे तो अमेरिकेचा कर-रहिवासी असतो. पुण्यातल्या फ्लॅटचे भाडे, मुदत ठेवींचे व्याज, पेन्शन, सगळे अमेरिकी विवरणपत्रात दाखवायचे असते. भारतातल्या खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्यांची वेगळी माहिती द्यावी लागते. हा ताप टाळण्यासाठी काही जण अनिवासी म्हणून विवरणपत्र भरतात, किंवा १९८९ च्या भारत-अमेरिका करकराराचा आधार घेऊन आपण भारताचे रहिवासी असल्याचे सांगतात. कर कदाचित वाचतो. पण आपण अमेरिकेचे रहिवासी नाही, असे लिहून दिलेला तो कागद पुढे इमिग्रेशनच्या फायलीत उभा राहतो. शिवाय मागच्या १५ कर-वर्षांपैकी किमान ८ वर्षे ग्रीन कार्ड असलेल्याने हा आधार घेतला, तर कायद्याच्या दृष्टीने तो देशत्याग ठरू शकतो. मालमत्ता मोठी असेल तर त्यावर निर्गमन कर लागतो. सल्ला देणारा सनदी लेखापाल इथला असतो, त्याला इमिग्रेशनची बाजू ठाऊक नसते. तिकडच्या वकिलाला आपल्या मुदत ठेवींची कल्पना नसते. दोघांना एकमेकांशी बोलायला लावणे हे कुटुंबाचेच काम आहे.

वर्षाहून जास्त बाहेर राहायचे आधीच माहीत असेल, तर कायद्याने एक सोय केली आहे. ती म्हणजे री-एंट्री परमिट. अर्ज आय-१३१ हा असतो. अर्ज करताना माणूस अमेरिकेत हजर असावा लागतो, आणि बहुतेकांना बोटांचे ठसेही तिथेच द्यावे लागतात. परमिट मिळायला महिनोन्‌महिने लागतात, पण अर्ज आणि ठसे झाल्यावर निघता येते. ते आपल्या देशातल्या अमेरिकी कचेरीत मागवताही येते. परमिट साधारण दोन वर्षांचे असते आणि त्याला मुदतवाढ नाही. नवे हवे तर पुन्हा तिकडे जाऊन अर्ज करायचा. मागच्या पाच वर्षांपैकी चारहून जास्त वर्षे बाहेर गेली असतील, तर ते सहसा एकाच वर्षाचे मिळते. परमिटाची मुदत असेपर्यंत केवळ गैरहजेरीच्या लांबीवरून दर्जा सोडला असे धरता येत नाही. ‘केवळ’ या शब्दावरच सगळा भार आहे. घर विकले, तिथले खाते बंद केले, अनिवासी म्हणून कर भरला, तर परमिट खिशात असूनही प्रश्न उभा राहतो.

परमिट नसताना वर्ष उलटले, तर उरतो तो परतणाऱ्या रहिवाशाचा एसबी-१ व्हिसा. भारतात असे कायम वास्तव्याचे व्हिसा मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात होतात. तिथे तीन गोष्टी पटवाव्या लागतात. निघताना दर्जा होता, निघताना परतण्याचा हेतू होता आणि तो कधीच सोडला नाही, आणि मुक्काम लांबला तो आपल्या हाताबाहेरच्या कारणाने. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण जाते. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, प्रवास करू नये असे डॉक्टरांचे त्या वेळचे पत्र, रद्द केलेली तिकिटे, असे त्या-त्या तारखांचे कागद लागतात. नंतर आणलेल्या एकगठ्ठा दाखल्यांना वजन कमी. कोविडचे उदाहरण बोलके आहे. भारताने २३ मार्च २०२० पासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबवली आणि नियमित सेवा २७ मार्च २०२२ ला सुरू झाली. पण मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेची आणि त्यानंतर अमेरिकेशी झालेल्या खास विमानसेवेच्या व्यवस्थेखालची विमाने जात होती. त्यामुळे दोन वर्षे अडकलो होतो, एवढे सांगून भागत नसे. त्या विमानांनी का गेला नाहीत, याचे कागदोपत्री उत्तर लागे.

विमानतळावर प्रकरण बिघडलेच, तर एक हक्क पक्का माहीत असावा. दर्जा गेला असे अंतिमपणे ठरवण्याचा अधिकार काउंटरवरच्या अधिकाऱ्याला नाही. तो आय-४०७ हा दर्जा स्वेच्छेने सोडण्याचा अर्ज पुढे करू शकतो. त्यावर सही करणे बंधनकारक नाही. नकार दिला तर प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जाते आणि अंतिम आदेश होईपर्यंत दर्जा कायम राहतो. तिथे दर्जा सोडला हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते, तीही स्पष्ट, निःसंदिग्ध आणि खात्रीलायक पुराव्याने. वीस तासांच्या प्रवासाने थकलेल्या, इंग्रजीत अडखळणाऱ्या वृद्धाला हे त्या खोलीत आठवणार नाही. निघण्यापूर्वी घरच्यांनी ते मराठीत समजावून सांगितलेले हवे, आणि दुभाषी मागता येतो हेही.

कॅनडाशी तुलना केली म्हणजे अमेरिकी पद्धतीचे स्वरूप जास्त उघड होते. कॅनडाच्या १९७६ च्या कायद्यातही हेतूला जागा होती. कोणत्याही बारा महिन्यांत १८३ दिवसांहून जास्त बाहेर राहिलेल्याने वास्तव्य सोडले असे धरले जाई, आणि तसा हेतू नव्हता हे त्याला पटवावे लागे. २००२ पासून लागू झालेल्या कायद्याने हे बदलले. आता पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात काढायचे. नागरिक असलेल्या जोडीदारासोबत परदेशात काढलेले दिवसही त्यात धरतात. नियम कठोर असला तरी माणसाला आपण कुठे उभे आहोत ते कळते. अमेरिकेची पद्धत परिस्थितीला जास्त जागा देते, पण त्या मोबदल्यात अनिश्चितता देते. वृद्धांच्या बाबतीत मला कॅनडाची पद्धत जास्त न्याय्य वाटते. मनातला हेतू कागदांनी सिद्ध करणे ज्यांना सर्वांत कमी जमते, त्यांच्यावरच अमेरिकेत प्रत्यक्षात तो भार पडतो.

नागरिकत्वाचा हिशेब यापासून अलग आहे. तिथे दिवस खरोखर मोजतात. सहा महिन्यांहून जास्त गैरहजेरीने सलग वास्तव्य तुटले असे गृहीत धरले जाते, ते खोडता येते; वर्षभराच्या गैरहजेरीने ते तुटतेच, आणि री-एंट्री परमिट त्याला वाचवत नाही.

आता उरतो तो निर्णय, जो कुटुंबे वर्षानुवर्षे पुढे ढकलतात. नागरिक मुलाचे आईवडील हे कोट्याबाहेरचे असतात. त्यांनी आज कार्ड परत केले तरी मुलगा पुढे पुन्हा अर्ज करू शकतो. मधल्या काळात पर्यटक व्हिसावर जाता येते. ज्यांचे घर, मित्र, डॉक्टर, सकाळची टेकडी सगळे इथेच आहे, त्यांनी विमानतळावर दरवेळी धास्तावण्यापेक्षा आय-४०७ भरून कार्ड सोडणे मला सरळ आणि सन्मानाचे वाटते. फक्त ती आठ वर्षे भरण्याआधी कराचा विचार करून. पण भावाने किंवा बहिणीने केलेल्या अर्जावर गेलेल्यांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. भारतीयांसाठी त्या रांगेत पंधरा वर्षांहून जास्त काळ जातो, आणि दर्जा गेला तर पुन्हा रांगेच्या शेपटाशी उभे राहायचे. अशा माणसाला आजारी आईसाठी दीड वर्ष साताऱ्याला येऊन राहायचे असेल, तर तिकीट काढण्याआधी, अमेरिकेत असतानाच, त्याने परमिटाचा अर्ज भरायला हवा आणि ठसे देऊनच निघायला हवे.